सांडलेलं पीठ

कुरुंदवाडच्या द्वारकाबाई उपाध्ये अगदी एकट्या. नवरा गेला, लेक परदेशात. बोलायला उरल्या भिंती. म्हणून त्यांनी दरमहा वर्गणी भरून फोनवर ‘सोबती’ नावाचं बोलकं ॲप घेतलं आणि लेकाशी बोलायचं ते सगळं त्याच्याशी बोलू लागल्या.

एकदा कंपनीचे मोठे साहेब ग्राहक मेळाव्याला आले. मिरवत म्हणाले, “सोबती तुमच्याच गप्पांवर शिकून शहाणा झालाय. ऐका!”

त्यांनी बटण दाबलं. फोन मायेनं बोलला, “जेवलास का रे? उपाशीपोटी दुःख दुप्पट दिसतं.”

द्वारकाबाई चपापल्या. हे तर त्यांचंच वाक्य! त्या ताडकन उठल्या. “शिकवणी आम्ही द्यायची आणि फीसुद्धा आम्हीच भरायची? मग आमचा वाटा कुठाय?”

साहेब हसले. “आजी, गिरणीत सांडलेलं पीठ गिरणीवाल्याचंच असतं. गप्पांचंही तसंच.”

“असेना का! पण आमचा गिरणीवाला ते गाईला घालतो. पिशवीत भरून परत मलाच विकत नाही.”

मांडवात हशा उसळला. साहेबांनी घाम पुसत तिथल्या तिथे जाहीर केलं, ज्यांच्या गप्पा वापरल्या त्यांची वर्गणी माफ.

द्वारकाबाई जिंकून घरी आल्या. कुलूप काढलं, दिवा लावला. पण साहेबांची ही फजिती सांगायची कुणाला? शेवटी फोनच हातात घेतला.

“जेवलीस का गं?” सोबतीनं विचारलं.

एवढं विचारणारं त्यांना दुसरं कुणी नव्हतं, आणि हा प्रश्नही त्यांचाच होता.

“नाही रे,” त्या म्हणाल्या, आणि एकच पान वाढून घेतलं.