बारीक दातांची कानस

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हाही कुलपं होती. म्हणजे माणसं आजच्यासारखीच होती, हे ओघानंच आलं.

एका नगरात कुलपं घडवणारा एक वस्ताद होता. कुलूप तयार झालं की त्यावर तो आपला माशाचा ठसा मारी, आणि तो मासा पाहिला की लोक निर्धास्त झोपत. ठशाशिवाय कुलूप विकायचं नाही, असा नगराचा नियमच होता. नव्या कारागिराला ठसा द्यायचा, तो वस्तादानंच.

त्याच्या हाताखाली गोंदाजी होता. दारातल्या चिंचेखाली बसून वीस वर्षं कुलपं घडवता घडवता त्याचे केस पिकायला लागले होते. काम त्याचं आणि मासा वस्तादाचा, असं चाललं होतं. वस्तादानं त्याला पहिल्याच दिवशी दोन गोष्टी पढवल्या होत्या. मालकानं बोलावल्याशिवाय कुणाचं कुलूप उघडायचं नाही. आणि ज्या कुलपाला हात लावशील, त्याला तेलाचा एक थेंब दिल्याशिवाय हात काढायचा नाही.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता वस्ताद चोरटेपणानं वागू लागला. गोंदाजी आत आला की हातातलं काहीतरी घाईनं पेटीत टाकी आणि कुलूप लावी. मग त्यानं दूरच्या गावी पुतण्याला सांगावा धाडला, की हत्यारांच्या पूजेला, खंडेनवमीला, नक्की ये. शेजारची कुंभारीण गोंदाजीला म्हणाली, की पुतण्या काही उगाच येत नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. कुंभारणीला मडकी सोडून सगळ्यातलं कळत असे.

गोंदाजी मनाशी हिशेब करू लागला. ठसा पुतण्याला गेला, तर आपण पन्नाशीत पुन्हा कुणाच्या हाताखाली बसायचं? पेटीत काय आहे ते एकदा पाहावं, एवढंच त्याच्या मनात आलं. वाईट काम 'एवढंच' म्हणूनच मनात येतं.

पेटी उघडायला तारेचे बारीक आकडे घासायला हवे होते, आणि दुकानातली कानस घेण्याची सोय नव्हती. कानशीच्या दातांत अडकलेला कीस पाहून वस्ताद काय घासलं ते सांगत असे. म्हणून गोंदाजी आठवड्याच्या बाजारात गेला. कानसवाल्या म्हातारीनं पोत्यावर माल मांडला होता. त्यानं एक भरड कानस उचलली आणि ठेवली. तिनं घासलेल्या आकड्याच्या कडा खरखरीत राहिल्या असत्या आणि कुलपात ओरखडे उठले असते. दुसरी बरी होती, पण टोकाशी बोथट होती. शेवटी त्यानं इतक्या बारीक दातांची एक कानस निवडली, की अंगठा फिरवला तर काचेवरून फिरवल्यासारखं वाटावं.

म्हातारीनं विचारलं, काय घासायचंय. विळ्याला धार लावायची आहे, असं गोंदाजीनं सांगितलं. म्हातारी हसली.

"विळ्याला ही? मग लाव बाबा, जन्मभर लावत बस."

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, टळटळीत दुपारी, वस्ताद पुतण्याला आणायला वेशीपर्यंत गेला. गोंदाजीनं आकडे काढले. पेटीचं कुलूप नेहमीप्रमाणे कुरकुरलं आणि उघडलं.

आत फडक्यात एक नवा ठसा होता. त्यावर चिंचेची शेंग कोरली होती. दहा वर्षांपूर्वी गोंदाजी थट्टेनं बोलून गेला होता, की मला ठसा मिळाला तर मी शेंगच घेईन, चिंचेखालीच जन्म गेला. तो विसरला होता. वस्ताद विसरला नव्हता.

गोंदाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ठसा होता तसा गुंडाळला, पेटी बंद केली, आणि आनंदाच्या भरात त्याच्या हातानं, वीस वर्षांच्या सवयीनं, कुलपात तेलाचा एक थेंब सोडला.

वस्ताद पुतण्याला घेऊन परतला. ठसा देताना घरातलं माणूस साक्षीला असावं, पुढं कुणी हक्क सांगू नये, एवढ्यासाठीच त्यानं पुतण्याला बोलावलं होतं. ठसा त्याला दाखवायला म्हणून त्यानं पेटीला किल्ली लावली. कुलूप गुपचूप उघडलं. म्हातारा थबकला. घरात राखणीला कुत्रं नव्हतं, म्हणून ते एक कुलूप कुरकुरावं यासाठी त्यानं मुद्दाम कोरडं ठेवलं होतं. त्यानं ते उजेडात धरून न्याहाळलं. आत एकही ओरखडा नव्हता. इतका साफ हात नगरात दुसऱ्या कुणाचाच नव्हता.

"चोर तेल घालत नाही, गोंदाजी," तो म्हणाला.

"मी काही घेतलं नाही, वस्ताद. नुसतं पाहिलं."

"आपल्या धंद्यात पाहणं आणि घेणं एकच. ही शेंग पाहून लोकांनी निर्धास्त झोपावं, असं आता मी कोणत्या तोंडानं सांगू?"

वस्तादानं ठसा शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळला. पूजेनंतर त्याला तापवून, पाणी देऊन कडक करायचं होतं, म्हणून पोलाद अजून मऊ होतं. म्हाताऱ्यानं मागं न पाहता हात पुढं केला आणि कानस मागितली.

गोंदाजीनं भरड कानस त्याच्या हातात दिली. कामाला तीच योग्य होती. वीस वर्षांत वस्तादाला हत्यार कधी दुसऱ्यांदा मागावं लागलं नव्हतं. त्या दिवशीही लागलं नाही. शेंग पुसायला फार वेळ लागला नाही.

पुढं वस्ताद गेला, आणि त्याच्याबरोबर मासाही गेला. पुतण्याला साधी कडीसुद्धा घडवता येत नव्हती. गोंदाजी नगर सोडून परगावी गेला आणि बाजाराच्या कोपऱ्यावर विळ्यांना धार लावत बसला, त्याच बारीक दातांच्या कानशीनं. एका विळ्याला अख्खी सकाळ जात असे.

तात्पर्य: कानशीनं काढता येतं, भरता येत नाही, विश्वासाचंही तसंच.