तेरा घरांचा अंकोल

कोंडसरात शिरलात की अंगणाअंगणात अंकोलाचं बुटकं झाड दिसेल. फांदीवर पान नसताना येणारी ती पांढरी फुलं याचीच. कुणाच्याही झाडाची साल कुणीही न विचारता काढावी, अशी आमच्याकडे रीत आहे. या एका अंगणात मात्र झाड नाही. इथे तान्हूबाई राहायची, असं सांगतात.

तेव्हा गावात अंकोल एकच होता, तिने बी रुजवून वाढवलेला. पिसाळलेलं जनावर चावलं की त्याची साल उगाळून द्यायची, एवढंच औषध लोकांना ठाऊक. तान्हूबाई कुणाला नाही म्हणत नसे. साल मात्र ती स्वतःच काढायची, कारण खोड भोवताली सगळीकडून सोललं तर झाड मरतं.

एका वर्षी पिसाळलेला कोल्हा फिरतोय, अशी आवई उठली. तान्हूबाई लेकीला, चंद्रीला, घेऊन माहेरी गेलेली. तेरा घरांतल्या तेरा जणांनी एकमेकांच्या नकळत दोन-दोन बोटं साल काढून घरात ठेवली. दोन बोटांनी काय होतंय, असं प्रत्येकाला वाटलं. झाड उभ्याउभ्या वाळलं.

पुढच्या चैत्रात खरंच एक पिसाळलेला कोल्हा आला आणि चंद्रीलाच चावला. तान्हूबाई दारोदार फिरली.

"सालीचा येखादा तुकडा आसंल तर द्या, माज्या पोरीसाटनं."

साल तेराही घरांत होती. पण दिली की चोरी कबूल झाली. दुसरा कुणीतरी देईल म्हणून ज्याने त्याने नकारार्थी मान हलवली. पंधरा दिवस ती रोज फिरली म्हणे. त्या तेरांत माझ्या पणज्याचंही घर होतं, हे सांगताना मला अजून लाज वाटते.

चंद्री गेली. मग मात्र तेराही घरांनी आपापला तुकडा आणून तान्हूबाईच्या दारात ठेवला. तिने ते वाळक्या खोडाभोवती एकेक करून लावून पाहिले. कुठे बोटभरही फट राहिली नाही.

"म्या कुनाला चोर म्हनलं नसतं," एवढंच ती बोलली आणि गाव सोडून गेली. त्यानंतर प्रत्येक घराने आपल्या अंगणात अंकोल लावला, पुन्हा कुणाला दारात उभं राहून मागावं लागू नये म्हणून.

सालीने चंद्री वाचली असती का? तालुक्याचे डॉक्टर म्हणतात, नसती वाचली. त्याने आमचं ओझं काही हलकं होत नाही.

आजही चैत्रात तेरा घरं या अंगणात एकेक रोप लावतात. चैत्र हा रोपं लावायचा महिना नव्हे, हे आम्हांला कळतं. पण तिने मागितलं तेव्हा चैत्र होता. रोज पाणी घालतो. वैशाख सरेपर्यंत सगळी वाळतात.