चिंचेचं लोटांगण

राजा अचलसिंहाच्या दरबारात त्या दिवशी पगड्या नव्हत्या, भांडी होती. सरदारांच्या डोक्यावर कढया, कारकुनांच्या डोक्यावर पातेली, आणि प्रधानजींच्या डोक्यावर तर पाण्याचा हंडा. दरबार भरायचा चिंचेखाली आणि ती चिंच वाळून खडखडीत झाली होती. साठ हात उंच झाड सिंहासनावर असं कललं होतं, की राजाच्या मांडीवर काय ठेवलंय ते डोकावून बघतंय असं वाटावं. कुणी शिंकलं तरी फांदी पडायची.

दरबार दुसरीकडे भरवायची सोय नव्हती. राजा कुणासाठी बाजूला होत नाही, हा त्या घराण्याचा बाणा. राजाला "बाजूला व्हा" म्हणणाऱ्याला जन्मभर तुरुंग.

त्या तुरुंगात कालपासून भिवा लाकूडतोड्या बसला होता. त्यानं चिंच पाडायला चेनसॉ उचलली आणि लाकूडतोडे देतात तशी सवयीनं आरोळी दिली, "बाजूलाऽ!" पुढचं काम शिपायांनी केलं.

आज राजानं भिवाच्या मुलीला, येसूला, बोलावलं होतं.

"पोरी, दिवस मावळायच्या आत ही चिंच पाड. मला खरचटता कामा नये. मी हलणार नाही आणि मला हल म्हणायचं नाही. जमलं तर बाप सुटेल. नाही जमलं तर त्याच्या शेजारची कोठडी रिकामी आहे."

"हवेशीर आहे," प्रधानजी हंड्यातून म्हणाले. आवाज बराच वेळ घुमत राहिला.

येसूनं झाडाभोवती चक्कर मारली. कुऱ्हाडीच्या पाठीनं बुंधा ठोकून पाहिला. लाकूड आतून भरीव होतं, पण कल एवढा की दोर लावून ओढलं तरी झाड पडणार सिंहासनावरच. तिला झाडापेक्षा माणसांचा राग आला. एकाच्या बाण्यापायी एवढी शहाणी माणसं डोक्यावर कढया घालून बसली होती आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं!

तेवढ्यात एक ताडमाड शेतकरी फिर्याद घेऊन आला. भालदारानं काठीनं त्याची उंची मोजली, मग त्याच्या पायांपासून तेवढंच अंतर दोनदा मोजलं. लोटांगण घालताना कुणीतरी राजाच्या आजोबांच्या पायांवर शिंकलं होतं. तेव्हापासून राजानं लोटांगण घेताना माणसाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर बसायचं, अशी रीत पडली होती. गडी उंच निघाल्यामुळे अंतर कमी भरलं. लगेच भोई धावले, त्यांनी राजासकट सिंहासन उचललं आणि चार पावलं मागे नेऊन ठेवलं. शेतकरी गेल्यावर ते पुन्हा चिंचेखाली आणलं.

"हे काय झालं?" येसूनं भालदाराला हळूच विचारलं.

"महाराजांनी मान घेतला."

"बाजूला नाही झाले?"

"छे छे! जीभ आवर, बाई."

येसू सिंहासनापुढे आली. "महाराज, चिंच पाडते. पण एक गोष्ट मनाला लागलीय. इतकी वर्षं ही तुमच्या डोक्यावर उभी आहे. कधी वाकली?"

राजानं वर पाहिलं. हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. "उद्धट आहे," तो म्हणाला.

"आज तिला लोटांगण घालायला लावते. भालदारदादा, रीत सांगा."

"उंचीच्या दुप्पट!" भालदार म्हणाला आणि मग त्यानं वर शेंड्याकडे पाहिलं.

काठीनं मोजत मोजत तो दरबाराबाहेर पडला, घोड्यांचा तबेला ओलांडून म्हशींच्या डबक्यापाशी पोचला. मागून सिंहासन निघालं. त्यामागे सगळा दरबार खणखणत गेला. राजा डबक्याच्या काठी ताठ मानेनं बसला. शेजारच्या म्हशीनं सरकून जागा दिली.

"महाराज," येसू म्हणाली, "शेवटच्या कापाआधी आरोळी लागते. मशीनच्या घरघरीत माझा आवाज पोचायचा नाही. ती बाबांना देऊ दे."

"देऊ दे. इथवर काय ऐकू येणार?"

भिवाला आणलं. येसूनं पळायची वाट आधी साफ केली, बुंध्याच्या मागे, तिरकी. कललेलं झाड नुसतं मागून कापत गेलं, तर बुंधा मध्येच उभा चिरतो आणि उसळून कापणाऱ्यालाच झोडपतो. म्हणून तिनं कलत्या बाजूला खाच घेतली. मग चेनसॉचं पातं खोडाच्या पोटातून आरपार घातलं. खाचेजवळ बिजागरीपुरतं लाकूड राखलं आणि पाठीकडे एक पट्टी. आता झाड त्या पट्टीवर तगून होतं. तिनं बापाकडे पाहिलं.

"बाजूलाऽऽ!"

भिवाची आरोळी डबक्यापलीकडे गेली. म्हशी उठल्या. येसूनं पट्टी कापली आणि तिरक्या वाटेनं मागे झाली. चिंच सावकाश वाकली आणि जिथे रोज सिंहासन असायचं तिथे धाडकन आडवी झाली.

धुरळा बसला तेव्हा राजाचा चेहरा लालबुंद होता. त्याला सगळं ऐकू आलं होतं.

"तू मला हलवलंस! आणि हा पुन्हा मला बाजूला हो म्हणाला! दोघांना आत टाका!"

"टाका," येसू म्हणाली. "पण आधी एवढं सांगा. महाराज बाजूला झाले की नाही? झाले असतील, तर बाबा काल जे म्हणाले तेच महाराजांनी केलं. मग त्यांचा गुन्हा कसला? आणि झाले नसतील, तर मी हलवलं कुणाला?"

राजानं चिंचेकडे पाहिलं. म्हशीकडे पाहिलं. मग त्याच्या मिशा थरथरल्या आणि तो असा हसत सुटला की भोयांना सिंहासन धरून ठेवावं लागलं.

"भिवा, तू सुटलास! आजपासून लाकूडतोड्याची आरोळी आली की आधी मी उठणार. येसू, चिंचेचं सगळं लाकूड तुझं. आणखी काय हवं?"

"भांडी मुदपाकखान्यात परत पाठवा, महाराज. चार दिवस तिथे काही शिजलेलं नाही."

भुकेला दरबार टाळ्या वाजवू लागला. कढया उतरल्या, पातेली उतरली. प्रधानजींचा हंडा मात्र काही केल्या निघेना.

"येसू," राजा डोळे पुसत म्हणाला, "तुझं ते मशीन जरा इकडे आण."

"बाजूलाऽऽ!" हंड्यातून किंकाळी आली.