तळाची फळी

सुरंगवलीच्या जाखमातेच्या देवळात गाभाऱ्यापुढे एक मोठी चौकट आहे, रिकामीच. नव्या माणसाला वाटते, इथली जाळी चोरीला गेली असावी. मग दत्ताराम गुरव त्याला सभामंडपामागच्या खोलीत नेतात. तिथे भिंतीकडे तोंड करून एक लाकडी जाळी उभी आहे, पुरुषभर उंच. ती उजेडात आणायची नाही असा गावाचा दंडक आहे. हात लावायला मात्र हरकत नाही. बोट फिरवले की सुरंगीच्या कळ्या लागतात, पानांच्या शिरा लागतात, पण एवढ्या मोठ्या जाळीत सांधा म्हणून कुठे लागत नाही. अख्खी एकाच फळीतून कोरलेली. गुरवांना तिची हकिकत आजोबांनी सांगितली, आजोबांना त्यांच्या आजोबांनी. साल कोणाला ठाऊक नाही.

त्या काळी गावात रवळू मेस्त्री नावाचा सुतार होता. देवळाची कामे त्याच्याकडे आणि होड्याही तोच बांधायचा. डोळे मिटून नुसत्या वासावर लाकूड ओळखायचा म्हणे. चांगले लाकूड कोणते, असे कोणी विचारले की तो उलट विचारी, "कशासाठी?" पाळण्याला आणि खेळण्याला शिवण, कारण ती हलकी आणि तडकत नाही. देवघराला फणस, जुना होईल तसा त्याला मधाचा रंग चढतो. मुसळाला खैर. आंबा चौरंगाला चालेल, पाण्याला नाही. पण त्याचा जीव होता सागावर. "साग माणसाला फसवत नाही," असे तो म्हणे.

गावाची तरीची होडी जुनी झाली होती. खाडीपलीकडे जायला दुसरी वाट नाही. म्हणून गावकऱ्यांनी रानातला एक जुना साग पाडला आणि ओंडका तीन वर्षे सावलीत सुकवला. होडीचा तळ एकसंध व्हावा एवढा तो रुंद होता. कापणाऱ्यांनी फळी मोकळी केली, तेव्हा रवळू तिच्याकडे बघतच राहिला. सोनेरी अंगात काळसर रेघा, ओहोटीने वाळूवर सोडाव्यात तशा. देवळाची जाळीही त्याच वर्षी त्याच्याकडे आली होती. ती फणसाच्या तुकड्यांची व्हायची होती. ही फळी पाण्याखाली जाणार, तिचे अंग कोणाच्या दृष्टीस पडणार नाही, हा विचार त्याला खाऊ लागला.

आंबादेखील दोन पावसाळे काढतो, असे त्याने स्वतःला समजावले. तोवर दुसरा साग मिळेल, मग बदलू. त्याने तळाला आंब्याची फळी बसवली आणि वर राळ आणि करंजेल इतके चढवले की रंग झाकून गेला. ओंडक्यातून दोन फळ्या निघाल्या, उरलेलीची देवीला जाळी करतो, असे गावाला सांगितले. मेस्त्रीच्या शब्दावर संशय घेणार कोण?

त्याची बायको भागीर्थी होडीवरची शाकारलेली खोप झाडायला गेली, तेव्हा तिला भुशाचा वास आला. घरी येऊन ती म्हणाली, "आंब्याचा भुसा होडीखाली कसा?" त्याने खरे सांगितले. दोन पावसाळ्यांच्या आत फळी बदलेन, असे देवीच्या नावाने वचनही दिले. तिने ही गोष्ट घराबाहेर जाऊ दिली नाही.

जाळीला दोन वर्षे लागली. या दोन वर्षांत त्याला दिवस कळले नाहीत. एक पाकळी चुकली तर फळी वाया जाणार, म्हणून तो श्वास रोखून बारीक करवत चालवायचा. दुसरा पावसाळा सरला तेव्हा भागीर्थीने विचारले, "फळी बदललीत?" खालच्या कोपऱ्यातली एक कळी तेवढी उरली होती. मान वर न करता तो म्हणाला, "बदलली."

तिने विश्वास ठेवला.

पुढच्या श्रावणात तिच्या भावाच्या मुलाचे बारसे होते. सात वर्षांच्या लेकीला, येसूला, घेऊन ती खाडीपलीकडे माहेरी निघाली. होडीत अकरा माणसे आणि बारावा ती वल्हवणारा तारी. वारा नव्हता, लाट नव्हती. भर दुपारी मधल्या पाण्यात होडीचा तळ खचला आणि ती जागच्या जागी खाली बसली. तारी तेवढा पोहत काठाला लागला. त्याच्या काखेत फळीचा एक तुकडा होता.

गाव देवळात जमले. तारीने माणसे जास्त भरली, असे जो तो म्हणू लागला. दोघांनी त्याचे हातही धरले. रवळू खांबाला टेकून बसला होता. बायको आणि लेक दोघी गेलेल्या. त्याच्याकडे बोट दाखवायचे कोणाच्या मनातही आले नसते. तो उठला, तारीच्या काखेतला तुकडा घेतला आणि त्यात नख रुतवून दाखवले.

"त्याला सोडा," तो म्हणाला. "हा आंबा आहे. मी बसवला."

 मग गावच्या थोरल्या मानकऱ्याने एवढेच विचारले, "साग कुठे गेला?"

रवळूने हात केला. गाभाऱ्यापुढे जाळी उभी होती. उन्हे तिच्यातून आत येत होती आणि जमिनीवर, माणसांच्या अंगावर, सुरंगीची फुले पडली होती. लोक आपल्या हातांवरची ती फुले बघत राहिले. एक बाई पदराने ती पुसू लागली.

तेव्हा रवळू धावला आणि चौकटीशी झोंबू लागला. "ही काढा. हिचाच तळ करतो. आत्ता करतो."

मानकरी म्हणाला, "भोकांची होडी होत नाही, रवळू."

त्याला कोणी मारले नाही, गावाबाहेरही घातले नाही. जाळी तेवढी काढून मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवली. नवी होडी त्यालाच बांधायला सांगितली, कारण दुसरा सुतार नव्हता. त्याने ती वर्षभरात बांधली, खऱ्या सागाची. पाण्यात सोडायच्या दिवशी एकेका फळीवर हात ठेवून त्याने लाकडाचे नाव मोठ्याने सांगितले. काठावर सारे गाव होते, पण कोणी पाऊल पुढे टाकले नाही. शेवटी तो एकटाच बसला आणि वल्ही मारत पलीकडे गेला.

पलीकडच्या धक्क्यावर भागीर्थीची आई उभी होती. होडी लागली. म्हातारीने तिच्यात वाकून पाहिले आणि विचारले, "एकटेच आलात?"

 जावई तसाच परत फिरला. त्यानंतर त्याने हत्याराला हात लावला नाही. काही म्हणतात, तो देशोधडीला लागला. गुरव सांगतात, तसे नाही. तो मरेपर्यंत धक्क्यावरच बसून असायचा आणि येणाऱ्या प्रत्येक होडीचा तळ बोटाने ठोकून पाहायचा. तळ चांगला निघाला तरी त्याचे समाधान होत नसे. पुन्हा ठोकायचा.

आजही सुरंगवलीत नवी होडी पाण्यात उतरते तेव्हा पहिल्या खेपेला सुतार आपल्या बायकामुलांना घेऊन बसतो. त्याआधी त्याची बायको सगळ्या गावादेखत विचारते, "तळ कसला?" तो लाकडाचे नाव सांगतो. ती लगेच बसत नाही. क्षणभर त्याच्या तोंडाकडे बघते, आणि मग होडीत पाय टाकते.