दरीतल्या बाईचा आवाज

कोणे एके काळी, आपल्या पणजोबांच्या पणजोबांनाही आठवणार नाही इतक्या मागे, समुद्राकाठच्या एका गावात मिठाचे हमाल राहत होते. मीठ पिकायचं खाली आणि ते खाणारी माणसं राहायची वर, डोंगरापलीकडे. मधे उभा कडा. कड्याच्या कमरेवरून एक वाट जायची आणि त्या वाटेवर एक जागा अशी होती की तिथे जेमतेम टाच टेकायची. म्हणून तिचं नावच पडलं होतं टाच. एका बाजूला खडक आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही.

टाच ओलांडून नेणारा वाटाड्या एकच होता. माणूस वाईट नव्हता बरं का. पोत्यामागे मूठभर मीठ घ्यायचा आणि आजवर त्याच्या हातून एकही माणूस दगावला नव्हता. पण त्याच्या पोटात एक भीती घर करून बसली होती. या सगळ्यांना वाट कळली, तर उद्या मला कोण विचारणार?

आता भ्यालेल्या माणसाचं डोकं भलतीकडे फार जोरात चालतं. त्याने एक गोष्ट रचली. म्हणाला, "दरीत एक बाई राहते. जो खाली बघेल त्याच्या नजरेला ती नजर देते आणि ओढून नेते. म्हणून टाच आली की डोळ्यांवर फडकी बांधायची, दोर धरायचा आणि माझ्या मागून मुकाट चालायचं."

गोष्ट तेवढ्यावर थांबली असती तरी निभावलं असतं. पण ऐकणारे डोळे विस्फारून ऐकत होते, मग याला चेव चढला. त्याने आणखी तिखटमीठ लावलं. "ती ओळखीच्या आवाजात बोलते बरं. म्हणते, डोळे उघड. तुमच्या आईच्या आवाजात म्हणेल, माझ्यासुद्धा आवाजात म्हणेल. उघडलेत की गेलात."

हमाल घाबरले ते कायमचे. त्यांच्यात एक थोरला हमाल होता, वाटाड्याचा लहानपणापासूनचा जोडीदार. दोघांनी एकत्र शेळ्या राखल्या होत्या. त्याचा आपल्या मित्रावर एवढा विश्वास की फडक्याला तो दोन दोन गाठी मारायचा.

वाटाड्याची एक लेक होती, गावातच दिलेली. नवऱ्याचा पाय अधू झाला तेव्हा तिने स्वतः पोतं उचललं आणि ती हमालांच्या रांगेत येऊन उभी राहिली. तीही फडकं बांधायची. एकदा ती म्हणाली, "बाबा, मला तरी ही वाट शिकवा. तुम्ही काय जन्माला पुरणार आहात?"

"शिकवीन की. घाई काय आहे?" वाटाड्या म्हणाला. मनात मात्र म्हणाला, ही नवऱ्याला सांगेल, नवरा भावांना सांगेल. हातचं राखून ठेवलेलं बरं.

एके दिवशी नेहमीसारखीच रांग निघाली. पुढे वाटाड्या, त्याच्यामागे लेक, मग बाकीचे हमाल आणि शेवटी थोरला हमाल. टाच आली. सगळ्यांनी फडकी बांधली, डोक्यावरून घोंगड्यांच्या खोळी घेतल्या आणि दोर धरला. उघडा चेहरा एकट्या वाटाड्याचा.

रांग टाचेच्या मधोमध आली आणि वरच्या कपारीतल्या मोहोळावर एका घारीने झडप घातली. माश्या उठल्या. खोळींवर बसून त्यांना काही मिळेना, म्हणून त्या वाटाड्याच्या तोंडावर तुटून पडल्या. हात झाडावा तर तोल जाईल, म्हणून तो बिचारा दात आवळून उभा राहिला. माश्या परतल्या तोवर त्याच्या दोन्ही पापण्या सुजून मिटल्या होत्या.

टाचेवर आता एकही डोळा उघडा नव्हता.

तिथले दगड रोज थोडे थोडे हलायचे आणि पाऊल टाकायचं ते बघूनच. थांबून राहण्याचीही सोय नव्हती. ऊन कललं की दरीतून वारा वर चढायचा, आणि तो वारा टाचेवर माणूस ठेवत नसे. दरीत बाई नाही हे एकट्या त्याला ठाऊक होतं. पण दरी किती खोल आहे हेही एकट्या त्यालाच ठाऊक होतं.

"थांबा," तो म्हणाला. "मला दिसत नाही. फडकी काढा."

कुणी हललं नाही.

"अरे, काढा म्हणतो ना. डोळे उघडा."

शेवटून थोरल्या हमालाचा कापरा आवाज आला, "गड्यांनो, तीच आहे. त्याच्या आवाजात बोलते आहे. घट्ट मिटा."

सगळ्यांनी गाठी आवळल्या. कुणी कुलदेवाचं नाव घेऊ लागलं.

"बाई-बिई कुणी नाही रे," वाटाड्या गयावया करू लागला. "मीच रचलं ते सगळं. देवाशपथ सांगतो."

"ती असंच म्हणणार," मधला एक हमाल म्हणाला.

वाटाड्याने जितकं खरं बोलावं तितका तो खोटा पडत होता.

"ती पुढे आहे," थोरला हमाल पुटपुटला. "मी मागे जातो." आणि त्याने दोर सोडला.

"वळू नकोस गड्या, पोतं खडकाला लागेल," वाटाड्या ओरडला. टाचेवर पाठीवरच्या पोत्यासकट वळता येत नाही, आधी पोतं उतरवावं लागतं. एवढीशी गोष्ट, पण तीसुद्धा त्याने कधी कुणाला सांगितली नव्हती. आणि आता सांगितली ती त्या बाईच्या आवाजात. थोरला हमाल वळला. पोत्याचा खडकाला धक्का लागला. मीठ सांडल्याचा आवाज आला, एक हाक आली आणि मग काहीच आलं नाही.

"कोण गेलं?" वाटाड्याने विचारलं.

कुणी पाहिलंच नव्हतं.

वाटाड्याच्या मिटल्या पापण्यांतून पाणी वाहू लागलं. मग तो ओरडायचा थांबला आणि मागच्या लेकीला हळू आवाजात म्हणाला, "पोरी, डोळे नको उघडूस. फक्त खडकाकडचा हात डोक्यावर ने. खाच लागेल. तिच्यात बोटं रुतव."

लेक घाबरली होती. पण हात वर न्यायला डोळे कुठे लागतात? तिने नेला. खाच लागली. कितीतरी खेपा ती याच खडकाखालून आली-गेली होती, आणि एवढा पक्का आधार डोक्यावर होता हे तिला कधी कळलं नव्हतं.

"आता तशीच पुढे चाचप. दुसरी खाच आहे."

तीही लागली. लेकीने मनाशी विचार केला, ओढून न्यायला टपलेली बाई धरायला आधार कशाला दाखवेल? तिने एका हाताने खाच धरली आणि दुसऱ्या हाताने फडकं उतरवलं.

खाली दरी होती, करवंदीची जाळी होती, खडकावर मिठाचा पांढरा ओघळ होता. एका फांदीला पागोटं अडकलं होतं. बाई कुठेच नव्हती.

"बाबा," ती म्हणाली, "थोरले काका गेले."

वाटाड्या म्हणाला, "मागच्यांना खाच दाखव. मग फडकी काढायला सांग."

तिने मागच्याचा हात धरून खाचेत घातला. त्याने त्याच्या मागच्याचा. एकेक फडकं उतरलं.

मग वाटाड्या विचारू लागला आणि लेक बघून सांगू लागली. "पुढे काळपट ओलं दिसतंय?" "दिसतंय." "ते शेवाळ. त्यावर पाय नको. त्याच्या अलीकडे पिवळट दगड आहे?" "आहे." "तो बसलेला आहे. माझा पाय त्याच्यावर ठेव." लेकीने वाकून बापाचा पाय धरला आणि दगडावर टेकवला. तेच शब्द तिने मागच्याला सांगितले, त्याने त्याच्या मागच्याला. जन्मभर दाबून ठेवलेली विद्या वारा सुटायच्या आत तोंडातोंडी शेवटच्या हमालापर्यंत पोचली. रांग पलीकडे उतरली.

सूज ओसरली तसं वाटाड्याला पुन्हा दिसू लागलं. त्याने पहिलं काम काय केलं, तर गावातली सगळी फडकी चुलीत घातली. मग ज्याला शिकायचं त्याला तो टाच शिकवू लागला, अधू जावयाच्या भावांनासुद्धा. मूठभर मीठ अर्थातच बंद झालं. ज्याची भीती होती ते झालं, आणि तरी तो उपाशी मेला नाही. वाटेवरून परतलेला हमाल आधी त्याच्या दारी थांबायचा, शिदोरीतली भाकरी पुढे करायचा आणि सांगायचा, "बाबा, आज अमका दगड हलला बरं का." एकट्याच्या डोळ्यांनी जे कधी दिसलं नव्हतं, ते आता त्याला घरबसल्या कळू लागलं.

फक्त एक गोष्ट कुणी सांगू शकलं नाही. टाचेच्या तोंडाशी बसून तो अधूनमधून चिमूटभर मीठ दरीत सोडायचा आणि पुटपुटायचा, "गड्या, तुला एक खाच दाखवली असती तर?" दरीतून कुणाचाच आवाज येत नसे.

म्हणून लहानथोरहो, ध्यानात ठेवा: शहाणपण हातचं राखून ठेवलं, तर ऐन वेळी ते ना दुसऱ्याच्या हाती लागतं, ना आपल्या.