साळुंक्यांच्या राज्यातली विहीर

पाय पांघरुणात घ्या पाहू. हं. आता ऐका.

डोंगरापलीकडे एक राज्य होतं. त्याचं नाव कोंडनगर. चहूबाजूंनी उंच तट आणि तटाला एकच दरवाजा. तिथल्या राजाला कुणाचाच भरवसा वाटत नसे. म्हणून एके दिवशी त्यानं तो दरवाजाही लावून घेतला. आतलं माणूस बाहेर जायचं नाही, बाहेरचं आत यायचं नाही. तरी त्याचं समाधान होईना, बरं का. मग त्यानं साळुंक्या पाळल्या. झाडाझाडावर साळुंकी, कौलाकौलावर साळुंकी. दिवसभर माणसं जे बोलत ते त्या ऐकत, आणि दिवेलागणीला राजवाड्यात जाऊन जसंच्या तसं बोलून दाखवत. मग काय, लोकांनी बोलणंच टाकलं. कसं काय चाललंय म्हटलं, की 'महाराजांची कृपा' एवढंच उत्तर यायचं.

डोंगराच्या अलीकडे भागू नावाची एक बाई राहायची. तिची धाकटी बहीण सगुणा कोंडनगरात दिलेली. लग्न झालं आणि पहिल्या दिवाळीच्या आत तो दरवाजा लागला. ना माहेरपण, ना निरोप. त्यांची आई झुरून झुरून अंथरुणाला लागली. ती भागूला म्हणाली, "माझी पोर आहे की नाही, तेवढं मला कळू दे."

आता असं होतं, की दसऱ्याला तो राजा बाहेरच्या थोड्या लोकांना आत घ्यायचा. कशाला? तर आपलं वैभव दाखवायला. मग भागूही त्यांच्यात गेली. दरवाज्यावर शिपायानं बजावलं, कुणाला काही विचारायचं नाही, कुणाला काही द्यायचं नाही. आणि प्रत्येक पाहुण्याबरोबर राजाचं एकेक माणूस दिलं. भागूच्या वाट्याला आली गिरजा. उंच बाई, केस पिकलेले, चेहरा अगदी कोरडा. ती दाखवील तेच पाहायचं.

मग गिरजानं आधी बाग दाखवली. फुलं काय, कारंजी काय! पण बागेत खेळणारं एक पोर नव्हतं. मग कोठार दाखवलं. धान्याच्या राशी छपराला टेकलेल्या. बाहेर भिंतीशी मात्र एक म्हातारा बसला होता, गालफडं आत गेलेली. भागू त्याला विचारायला वाकली, की बाबा, जेवलात का? तोच गिरजानं तिचा दंड धरला आणि कौलांकडे पाहिलं. वर साळुंकी होती. भागूच्या ध्यानात आलं. प्रश्न विचारून ती घरी गेली असती, पण उत्तर देणारा तिथंच राहिला असता. ती मुकाट्यानं पुढं झाली.

मग आली विहीर. चिरेबंदी, वर पिंपळ, आणि पिंपळ साळुंक्यांनी भरलेला. बायका पाणी शेंदत होत्या. त्यांतली एक घागर घेऊन वळली, आणि ती सगुणा होती.

वाळली होती. डोळे तेवढे तेच. भागूच्या अगदी ओठांवर हाक आली. पण त्या राज्यात कुणाचं बाहेर नातं निघालं, की त्याला डोंगरातल्या खाणीत धाडत. तिथून कुणी परत आलेलं नव्हतं. भागूनं पदराचा बोळा तोंडात धरला. सगुणानं घागर खाली ठेवली.

गिरजानं एकीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं. दोघींचं नाक एक, हनुवटी एक. तिनं शिपायाला नुसती हाक मारली असती, तरी राजानं तिला बक्षीस दिलं असतं.

पण गिरजानं दोघींकडे पाठ फिरवली. पिंपळाकडे तोंड केलं आणि मोठ्यानं बोलायला लागली, "ही महाराजांची विहीर. हिचं पाणी गोड. हिचे चिरे काळे. हिच्या पायऱ्या रुंद."

साळुंक्या ऐकलेलं सांगतात, बरं का. पाहिलेलं त्यांना सांगता येत नाही. दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. हुंदका म्हणून काढला नाही. बाकीच्या बायका विहिरीत बघत पाणी ओढत राहिल्या. सगुणानं भागूचा हात धरून आपल्या पोटावर ठेवला. आत बाळ हलत होतं. विहिरीबद्दल सांगण्यासारखं सगळं संपलं, तेव्हा गिरजानं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, "ही महाराजांची विहीर..."

भागू घरी आली. आईच्या कानाशी लागून म्हणाली, "आहे. तिला बाळ होणार आहे." आईनं डोळे पुसले आणि त्या दिवशी आपणहून पेज मागून घेतली.

मग भागूला तिच्या राजानं दरबारात बोलावलं. सगळा गाव जमला. तिथल्या माणसांना शिंगं असतात म्हणतात, खरं का? तुला तिथं कोण भेटलं? सगळं सांगितलंस तर सोन्याच्या पाटल्या देईन, असं राजा म्हणाला. सांगण्यासारखं भागूपाशी खूप होतं. पण सांगितलेली गोष्ट वारा प्यायल्यासारखी पळते. डोंगर ओलांडून ती कोंडनगरात गेली तर?

भागू म्हणाली, "महाराज, माणसं आपल्यासारखीच आहेत. दमली की बसतात, तहान लागली की पाणी पितात."

दरबार हसला. एवढ्या लांब जाऊन हेच पाहिलंस? पुढं काही वर्षं लोक तिला हसत राहिले. ती ऐकून घ्यायची. पण कोंडनगरच्या लोकांना कुणी वाईट म्हटलं, की उठून जायची.

मग कोंडनगरचा राजा म्हातारा होऊन वारला. त्याच्या मुलीनं साळुंक्या रानात सोडल्या आणि दरवाजा उघडला. लोक उंबऱ्याशी नुसते उभे. बाहेर पाऊल टाकायचा धीर कुणाला होईना. तेवढ्यात एक करडू बाहेर पळालं. त्याच्यामागे एक लहान मुलगी पळाली, आणि मुलीमागे तिची आई. ती आई म्हणजे सगुणा. थांबलीच नाही ती, थेट माहेरी आली. आजीनं नातीला मांडीवर घेतलं.

काही दिवसांनी गिरजाही आली. अंगणातच उभी राहिली. म्हणाली, "तुमच्या दरबारात आमच्या राजाचे हेर बसले होते. तुम्ही बोलला असतात, तर मी उरले नसते."

भागू म्हणाली, "तुम्ही बोलत राहिलात, म्हणून आम्ही उरलो." आणि तिला हाताला धरून आत नेलं.

मग सगळ्या एका पंगतीला जेवल्या. गिरजा तिथंच राहिली, आणि पुढं सगळी सुखात नांदली.

झाली गोष्ट. दिवा बारीक करते. डोळे मिटा आता, बाळांनो.