बोरढाण्याची उलथी शिळा

मेळघाटात बोरढाणा म्हणून कोरकूंची एक वस्ती आहे. मधोमध नाचाचं अंगण आणि अंगणाच्या कडेला बैलगाडीएवढी सपाट शिळा, अर्धी जमिनीत, अर्धी आभाळाकडे उलथलेली. पाहुणे आले की बुढा भुरा कासदेकर त्यांना तिच्यापाशी नेतो. नाचाच्या वेळी इथं कुणी बसायचं नाही, फोन काढून बघत उभंही राहायचं नाही. साखळीत शिरा, नाहीतर वस्तीबाहेर थांबा. असं का, ते भुरा सांगतो. पण त्या वेळच्या म्हाताऱ्या पंचांची लाज झाकत झाकत सांगतो. ती झाकायचं काही कारण नाही.

फार पूर्वी ही शिळा आडवी होती, असं सांगतात. तिच्यावर वस्तीचे पाच पंच बसायचे. बाया एकमेकींच्या कमरेला हात घालून गोल फिरायच्या आणि हे वरून चुका काढायचे. स्वतः कधी नाचले नाहीत.

इथला नाच करमणुकीचा नव्हता. वर्षभरात जे मेले त्यांचं एकेक नाव गाण्यात घ्यायचं आणि त्या नावाचा एक पुरा फेरा घालायचा. फेरा पुरा झाला की मेलेलं माणूस पूर्वजांत जाऊन बसतं. नाव राहिलं तर वर्षभर स्वतःच्याच उंबऱ्याबाहेर ताटकळतं.

एका साली वस्तीतल्या सोमतीची माय गेली. सोमती रोज दाराबाहेर पाण्याचा लोटा ठेवायची आणि सकाळी तो रिकामा सापडायचा, म्हणे. तिचं अन्नात मन लागेना, हातात काम टिकेना. नाचाचा दिवस कधी उजाडतो, एवढाच ध्यास.

नेमकं त्याच दिवशी पंचांनी गडावरच्या किल्लेदाराला बोलावलं. नाच बघून खूश झाला तर वस्तीची वेठ माफ करील, ही आशा. शिळेवर घोंगडी अंथरून त्याला बसवलं, शेजारी पंचांतला मुख्य, वस्तीचा पटेल बसला. चार नावं होईतो किल्लेदार जांभया द्यायला लागला.

"हेच किती वेळ? उड्याबिड्या मारत नाहीत का तुमच्या बाया?"

पटेलाने हात वर केला. ढोल थांबला. "नावं राहू द्या आता. शिकारीचा नाच लावा."

"एकच राह्यलं, बाबा," सोमती म्हणाली. "माझ्या मायचं."

"पुढल्या साली घेऊ. मेलेल्याला कसली घाई?"

"तुमच्या दारात उभी नाही ती, म्हणून म्हणता."

बाया खाली बघायला लागल्या. साखळी सुटायला आली. पण सोमतीने शेजारणीची कंबर सोडली नाही. ढोल नव्हता, तर टाचेने ताल धरून तिने फेरा सुरू केला. मग एकेकीची टाच पडायला लागली. पटेल ओरडला, किल्लेदाराने तलवारीला हात घातला आणि तेव्हा, असं सांगतात, शिळा खालून हलली. पेटाऱ्याचं झाकण उघडावं तशी उलथली. किल्लेदार घरंगळला, उठला, घोड्यावर बसून गेला तो पुन्हा आला नाही. जमीन मात्र थांबेना. साखळीतल्या बाया तेवढ्या उभ्या. बाकी जो उठेल तो आपटत होता. पंच रांगत साखळीपाशी आले. सोमतीने हात दिला नाही.

"आधी नाव घ्या," म्हणाली.

ती बाई चाळीस वर्षं पटेलाचं अंगण झाडत होती. आधी तो तिला मोतीची बायको म्हणायचा, मग सोमतीची माय. नाव त्याला ठाऊकच नव्हतं. पाचांतल्या एकालाही नव्हतं.

"काय नाव होतं तिचं?" त्याने गुडघ्यांवरच विचारलं.

"झुनाय."

त्याने ते मोठ्याने घेतलं, तेव्हा सोमतीने त्याला धरून उभं केलं. पाचही म्हातारे त्या फेऱ्यात फरफटत का होईना, नाचले. फेरा पुरा झाला आणि जमीन निवली. दुसऱ्या सकाळी लोटा भरलेला सापडला, म्हणे. वेठ काही माफ झाली नाही.

आजही नाचाआधी पटेल अनवाणी येतो, गुडघे टेकतो आणि प्रत्येक नाव बायांना विचारून घेतो. वस्ती केवढीशी, नावं त्याला ठाऊक असतात. तरी विचारावं लागतं. गेल्या वर्षी त्याची स्वतःची बायको गेली होती. जन्मभर त्याने तिला "अगं" म्हणूनच हाक मारली.

"काय नाव होतं तिचं?" त्याने विचारलं.

बायांनी म्हाताऱ्याला बराच वेळ गुडघ्यांवरच ठेवलं, मग सांगितलं.